डोपामिनचा पीक उजवीकडे सरकतोय: रेफरन्स की फायबर?

मज्जापेशी (पाषाण):
उंदराच्या मेंदूतल्या स्ट्रायटम या भागाच्या 300 मायक्रोमीटर जाड स्लाइसमध्ये फास्ट स्कॅन सायक्लिक व्होल्टॅमेट्रीने (व्होल्टेज झपाट्याने वरखाली करून करंट बघत) डोपामिन मोजतोय. 7 मायक्रोमीटरचा कार्बन फायबर, −0.4 ते +1.3 व्होल्ट आणि परत, वेग सेकंदाला 400 व्होल्ट, सेकंदाला 10 स्कॅन. सकाळी ऑक्सिडेशनचा पीक (आलेखातलं टोक) +0.6 व्होल्टला येतो. दुपारपर्यंत +0.75 ला जातो, ठेंगणाही होतो. फायबर बदलला तरी तेच. कुठे शोधू?

कार्बनतंतू:
फायबर बदलूनही तेच, म्हणजे आधी रेफरन्स (ज्याच्या तुलनेत फायबरचं व्होल्टेज धरतो तो इलेक्ट्रोड) तपासा. रिडक्शनचा पीक (साधारण −0.2) कुठे गेलाय? दोन्ही पीक एकाच दिशेला सरकले तर रेफरन्सचं व्होल्टेज हललंय. दोघांतलं अंतर वाढलं तर फायबरवर थर बसलाय. बॅकग्राउंड (डोपामिन नसतानाचा करंट) वजा करण्याआधीचा आलेखही काढून बघा. रेफरन्स हलला की त्यातले उंचवटेही तेवढेच सरकतात.

रेफरन्सची चांदीची तार भिंगाखाली धरा. जांभळट-करडा थर सलग हवा. मध्येच चकचकीत चांदी दिसली तर तिथला सिल्व्हर क्लोराइडचा थर गेलाय. बारीक पॉलिश पेपरने घासून अर्धा तास ब्लीचमध्ये ठेवा, मग भरपूर धुवा. ब्लीचचा अंशसुद्धा स्लाइसपर्यंत पोचता कामा नये.

पेठकर:
तार सराफाकडची असेल तर 999 चीच आहे ना, ते विचारा. दागिन्यांच्या 92.5 टक्के चांदीत उरलेलं बहुतेक तांबं असतं, आणि तो रेफरन्स स्थिर राहत नाही. सोल्डरचा जोडही बघा. मिठाचं पाणी तारेवरून वर चढतं, जोड ओला झाला की तिथे वेगळाच इलेक्ट्रोड तयार होतो. आपल्याकडच्या पावसाळी हवेत तो लवकर वाळतही नाही. जोड पाण्यापासून चांगला लांब ठेवा, वर इपॉक्सी लावा.

मज्जापेशी:
दोन्ही पीक उजवीकडेच गेलेत, जोडाशी हिरवट थर आहे. पण उंची का घटते?

कार्बनतंतू:
मूळ बहुधा तेच. रेफरन्स 0.15 ने हलला की फायबरला प्रत्यक्षात +1.3 ऐवजी +1.15 च मिळतात. +1.3 ला कार्बनचा पृष्ठभाग थोडा झिजून ताजा होत राहतो. त्याहून कमी व्होल्टेजला हे काम मंदावतं आणि घाण साचते. जोड नवा केल्यावर फायबरवर 60 हर्ट्झने (सेकंदाला 60 स्कॅन) 15 मिनिटं स्कॅन चालवा, मग 10 हर्ट्झवर बॅकग्राउंड स्थिर होईपर्यंत थांबा.

मग फ्लो सेलमध्ये (फायबरवरून द्रावण वाहतं ठेवणारी छोटी कुपी, स्लाइसशिवाय) 1 मायक्रोमोलर डोपामिन द्या. 10 मिलिमोलर साठा 0.1 मोलर परक्लोरिक आम्लात ठेवा; बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) ऐनवेळी मिसळा, गुलाबी छटा आली की टाकून द्या. बफरमध्ये कॅल्शियम-मॅग्नेशियम स्लाइसच्या द्रावणाइतकंच हवं, नाहीतर संवेदनशीलता खोटी जास्त दिसते. इथे उंची सकाळइतकी आली पण स्लाइसमध्ये कमीच राहिली, तर स्लाइस थकलाय. स्लाइसला डोपामिन सोडायला लावणाऱ्या दोन उद्दीपनांत निदान 5 मिनिटं जाऊ द्या.