अमेरिकन लोकांना गोल गोल फिरणाऱ्या गाड्यांत काय दिसतं?

पुणेरी_पिस्टन:
मे महिन्यात ताईकडे अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लटला चाललोय. दाजींनी हौसेने कोका-कोला ६०० या नॅसकारच्या (अमेरिकेतली स्टॉक कार रेसिंग) ६०० मैलांच्या रेसची तिकिटं काढून ठेवलीत. मी पक्का एफ-वनवाला (फॉर्म्युला वन). दीड मैलाचा ट्रॅक, ४०० फेऱ्या आणि सगळी वळणं डावीकडे! ड्रॅग रेस, म्हणजे सरळ पट्ट्यावरची शर्यत, तर चार सेकंदांत खलास. खरं सांगा, यांना त्यात मिळतं तरी काय? दाजींना नाही म्हणायची सोय नाही.

कॉन्कर्डकर:
दाजींना दुवा द्या. मी ट्रॅकच्या जवळच राहतो, सुरुवातीला तुमच्यासारखंच नाक मुरडायचो.

आधी स्कॅनर, म्हणजे ड्रायव्हर आणि टीमचं रेडिओवरचं बोलणं ऐकायचं यंत्र, भाड्याने घ्या. हेडफोन लावून एका गाडीचा चॅनल पकडा. वर स्टँडच्या छतावर उभा असलेला स्पॉटर, म्हणजे टीमचा आजूबाजूच्या गाड्यांवर नजर ठेवणारा माणूस, ड्रायव्हरला सारखा सांगत असतो, ‘आत एक... अजून आतच... क्लिअर’. ड्रायव्हरला बाजूचं धड दिसत नाही, याच्या भरवशावर तो ताशी १८० मैलांनी गाडी घालतो. मधेच ड्रायव्हर क्रू चीफवर (टीमचा मुख्य तंत्रज्ञ) खेकसतो, गाडी वळतच नाही म्हणून. रेस संध्याकाळी सुरू होते तेव्हा ट्रॅक तापलेला असतो. अंधार पडला की डांबर निवतं, पकड बदलते आणि उन्हात सुसाट पळणारी गाडी रात्री रुसून बसते. हे सगळं एकाच सीटवरून दिसतं. एफ-वनला एवढे पैसे मोजून एक वळण पदरात पडतं.

शिवाय इकडचे जुने ड्रायव्हर लोकांच्या ओळखीतलेच. विल्क्स काउंटीचा ज्युनिअर जॉन्सन हातभट्टीची दारू गाडीत भरून पोलिसांना गुंगारा द्यायचा. वडिलांच्या भट्टीवर पकडला गेला, तुरुंगात गेला, तरी एकूण ५० रेस जिंकला. १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगननी त्याला माफी दिली.

आणि चार सेकंदांचं म्हणाल, तर आपला शंकरपट तरी किती वेळ चालतो? ट्रॅकशेजारीच झी-मॅक्स ड्रॅगवे आहे, तिथे एका वेळी चार गाड्या सोडतात. टॉप फ्युएल, म्हणजे ड्रॅगमधल्या सर्वांत वेगवान वर्गातल्या गाडीची ताकद ११,००० हॉर्सपॉवरच्या घरात. तिकिटातच पिटमध्ये, म्हणजे गाड्या दुरुस्त करतात तिथे, जाता येतं. तुमच्यासमोर अख्खं इंजिन खोलून पुन्हा बांधतात आणि सुरू केलं की नायट्रोमिथेन या इंधनाच्या धुराने डोळ्यांतून घळाघळा पाणी! लोक डोळे पुसतात, पण जागचे हलत नाहीत.

इंडीची_वहिनी:
कॉन्कर्डकर, एका सीटवरून सगळं दिसतं म्हणून लोक येतात हे मला पटत नाही. आमचा इंडियानापोलिसचा ट्रॅक अडीच मैलांचा, कुठूनही पुरता दिसत नाही. तरी इंडी ५०० ला अडीच लाखांवर सीटा भरतात. १९११ पासूनची रेस आहे. आमच्या शेजारच्या आजी वडिलांच्या काळापासूनच्या त्याच सीटा दरवर्षी राखून ठेवतात. गाड्यांतलं त्यांना फार कळत नाही, पण जिंकणारा दूध प्यायल्याशिवाय त्या उठत नाहीत.

एफ-वनही आलं होतं इथे. २००५ मध्ये टायरच्या भानगडीमुळे १४ गाड्या सुरुवातीलाच पिटमध्ये वळल्या, सहाच पळाल्या. आपला नरेन कार्तिकेयन चौथा आला, पण तिकिटं काढून आलेले लोक भयंकर चिडले होते. शेजारी अजून तो विषय काढतात.

ऑस्टिनवाला:
तो राग आता ओसरलाय. आमच्या ऑफिसातली पोरं नेटफ्लिक्सवरची एफ-वनची मालिका बघून एफ-वनच्या नादी लागली. टायरमधला फरक सांगता येत नाही, पण कुठला टीम बॉस कुणाशी भांडला ते तोंडपाठ! म्हणजे त्यांनाही गाडीपेक्षा माणूसच हवा.

पुणेरी_पिस्टन:
स्कॅनर नक्की. सीट कुठली बरी?

कॉन्कर्डकर:
जितकी वर तितकी बरी. खालच्या रांगांत ट्रॅकभोवतीची जाळीच दिसते आणि रबराचे कण खाण्यात पडतात. कानात घालायचे बोळे घ्या. खाणं घरून नेता येतं, पिशवीचं माप तेवढं आधी बघा. त्या दिवशी गाडीच्या काचेवर ड्रायव्हरऐवजी शहीद सैनिकाचं नाव असतं. त्यांच्यासाठी सगळे शांत उभे राहतात, तेव्हा मोबाइल खिशात ठेवा. आणि एफ-वन भारी की नॅसकार, हा वाद दाजींशी पहिल्याच फेरीला उकरू नका. ६०० मैल शेजारी बसायचंय.