मदत हवी आहे: सासऱ्यांच्या तळपायाची जखम भरत नाही, बेटाडिन चालू ठेवावं का?

कृष्णाकाठ

मंडळी, जरा लांबण लागेल, पण सगळं सांगते.

माझे सासरे, वय ६८, आम्ही त्यांना दादा म्हणतो. मधुमेह चौदा वर्षांपासून. तीन आठवड्यांपूर्वी सासूबाईंना फरशीवर रक्ताचे ठिपके दिसले, ओसरीपासून थेट माजघरापर्यंत. माग काढत गेल्या तर दादा आरामात पेपर वाचत बसलेले. चपलेच्या तळातून खिळा वर आला होता आणि उजव्या अंगठ्याखालच्या गादीत घुसला होता. कधीपासून, ते त्यांनाही माहीत नाही. "दुखलंच नाही, तर सांगू काय?" एवढंच म्हणाले.

गावातल्या डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन आणि पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, "रोज बेटाडिनने ड्रेसिंग करा" म्हणाले. रोज संध्याकाळी मीच करते. आधी हायड्रोजन पेरॉक्साइड ओतायचं, फेस पुसायचा, मग बेटाडिनने धुवायचं, वर कापूस ठेवून पट्टी. जखम रुपयाएवढी होती, आजही तेवढीच आहे. कडा पांढऱ्या आणि मऊ पडल्यात, धुणं धुतल्यावर बोटं होतात तशा. तळाशी पिवळट चिकट थर.

परवा ओळखीतल्या एक नर्स आल्या होत्या. म्हणाल्या, "बेटाडिन बंद करा, नवं मांस जाळतंय ते. नुसत्या सलाइनने धुवा." नणंद म्हणते, बंद केलं की पू धरणार. दादा म्हणतात, हळद भरा. कुणाचं ऐकू?

निवांत_पाटील

पेरॉक्साइड सोडू नका. फेस येतो म्हणजे जंतू मरतायत. आमच्याकडे वर्षानुवर्षं हेच.

एमएस_जनरल

पाटीलसाहेब, तो फेस जंतूंचा नाही. आपल्या रक्तात आणि पेशींत कॅटलेज नावाचं विकर असतं, ते पेरॉक्साइड फोडून त्यातला प्राणवायू मोकळा करतं. अगदी स्वच्छ जखमेवर ओतलंत तरी तेवढंच फसफसेल. रोज ओतून कोवळ्या पेशींचं नुकसान होतं. खोल, बंद पोकळीत तर ओतूच नये, तो वायू रक्तात शिरून जिवावर बेतल्याच्या घटना आहेत. कृष्णाकाठ, ती बाटली आजपासून कपाटात.

बेटाडिनचं उत्तर एका शब्दात देता येत नाही, रात्री सविस्तर लिहितो.

जुनी_सिस्टर

ताई, एक विचारते. बेटाडिनने धुताना त्याचाही फेस होतो का?

कृष्णाकाठ

हो, थोडा होतो, तपकिरी. मला वाटायचं आधीच्या पेरॉक्साइडचा राहिलेला.

जुनी_सिस्टर

बाटली हातात घ्या आणि नावाखाली बारीक अक्षरात काय आहे ते जसंच्या तसं लिहा.

कृष्णाकाठ

बेटाडिन आम्ही सवयीने म्हणतो, बाटली दुसऱ्याच कंपनीची आहे. त्यावर "पोव्हिडोन आयोडिन ७.५ टक्के, सर्जिकल स्क्रब" असं आहे. मेडिकलमध्ये नुसतं "बेटाडिन द्या" म्हटलं होतं, त्यांनी हीच दिली.

जुनी_सिस्टर

वाटलंच मला. ताई, तो साबण आहे हो! ऑपरेशनच्या आधी सर्जन कोपरापर्यंत हात घासतात ना, त्यासाठीचा. आयोडिनबरोबर त्यात फेस करणारं द्रव्य असतं. ते धडधाकट कातडीवर वापरून धुऊन टाकायचं. उघड्या मांसावर रोज तेच ओतलं तर जखम कशी भरेल? जखमेसाठी सोल्यूशन वेगळं मिळतं, आणि ५ टक्क्यांचं मलम. रंग तोच, वासही जवळजवळ तोच. आमच्या वॉर्डात नव्या मुलींना मी पहिल्याच दिवशी तिन्ही शेजारी ठेवून दाखवायची.

आणि कापूस थेट जखमेवर ठेवू नका. तंतू आत चिकटतात. गॉज, म्हणजे जाळीदार सुती कापड, घ्या. पट्टी सुकून चिकटली तर ओढायची नाही, सलाइनने भिजवून पाच मिनिटं थांबायचं. दादांना दुखत नाही म्हणून आपण ओढतो आणि वर आलेलं लाल मांस गॉजबरोबर निघून येतं.

कृष्णाकाठ

अरे देवा. तीन आठवडे मी रोज साबण ओतत होते. ओढतही होते. हात थरथरतायत वाचून.

एमएस_जनरल

स्वतःला दोष देऊ नका, ही गल्लत भरपूर घरांत होते. आता बेटाडिनचं.

पोव्हिडोन हा आयोडिन धरून ठेवणारा वाहक आहे. तो थोडंथोडं आयोडिन सोडत राहतो, म्हणून जुन्या टिंक्चर आयोडिनसारखी आग होत नाही (त्यात स्पिरिट असायचं). १० टक्क्यांच्या सोल्यूशनमध्ये उपलब्ध आयोडिन १ टक्काच असतं. तपकिरी रंग फिका पडला की समजा, आयोडिन संपत आलं. बॅक्टेरिया, बुरशी, विषाणू सगळ्यांवर ते चालतं. पण त्याला जंतूची पेशी कुठली आणि आपली कुठली हे कळत नाही. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत ते नवं मांस विणणाऱ्या पेशीही मारतं. प्रत्यक्ष माणसाच्या जखमेत परिणाम इतका सरळ दिसत नाही. तेव्हा नर्सबाई निम्म्या बरोबर. जखम घाण, वास मारणारी असेल तर थोडे दिवस वापरायला माझी हरकत नसते. पण भरून येण्यासाठी म्हणून महिनोनमहिने नको. मधुमेही पायावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाच्या २०२३च्या सूचनाही हेच सांगतात: जखम भरावी यासाठी जंतुनाशकं लावू नका. थायरॉईडचा त्रास असेल तर आणखी जपून, कारण मोठ्या जखमेतून आयोडिन अंगात भिनतं.

मात्र माझी खरी काळजी औषधाची नाहीच. लोखंडी खिळा, तीन आठवडे, तळाशी थर. एक्स-रे झाला? सळई घालून ती हाडाला लागते का, पाहिलं? पावलाची नाडी लागते का? शुगर किती? आणि दादा त्या पायावर चालतात का?

कृष्णाकाठ

एक्स-रे नाही. नाडी कुणी पाहिली नाही. उपाशीपोटी शुगर २१० होती. चालतात म्हणजे, रानात जातात. थायरॉईड नाही.

एमएस_जनरल

मग दोन दिवसांत सर्जनला दाखवा. ताप, पायावर वर सरकणारी लाली, काळा डाग किंवा घाण वास, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी.

चौकस

थोडं अवांतर. पेनिसिलिनवाले अलेक्झांडर फ्लेमिंग पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये बूलोनला जखमी सैनिकांवर काम करत होते. त्यांनी काचेच्या नळीला तापवून काट्यांसारखी टोकं काढली, वेडीवाकडी जखमच जणू, आणि दाखवलं की जंतुनाशक ओतलं तरी टोकांतले जंतू जगतात. वर मदतीला येणाऱ्या पांढऱ्या पेशी मात्र मरतात. त्याच युद्धात रसायनतज्ज्ञ डेकिन आणि सर्जन कॅरेल यांनी जखमेत सौम्य हायपोक्लोराइट (ब्लीचिंगच्या जातीचं जंतुनाशक) नळ्यांतून दर काही तासांनी सोडायची पद्धत आणली. म्हणजे हा वाद शंभर वर्षांचा आहे.

जुनी_सिस्टर

त्याच काळातलं युसॉल आम्ही वॉर्डात वापरलंय. ब्लीचिंग पावडर आणि बोरिक ॲसिडचं पाणी, ताजं करायचं. सडलेला थर सुटायचा खरा, पण पेशंट पट्टीची ट्रॉली दिसली की तोंड फिरवायचे.

कृष्णाकाठ

अकरा दिवसांनी येतेय, माफ करा. तालुक्याला सर्जनकडे नेलं. एक्स-रेत हाड चांगलं आहे, नाडी लागते. त्यांनी ब्लेडने तो पिवळा थर आणि कडेची घट्टे पडलेली कातडी खरवडून काढली. भूल न देता! दादा तेवढ्या वेळात त्यांना उसाचा दर विचारत होते. आता सलाइनने धुणं, गॉज, इन्सुलिन सुरू आणि पुढचा भाग अधांतरी ठेवणारा एक बूट दिलाय. परवा पट्टी सोडली तर तळाशी डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल दिसलं, आणि थोडं रक्त आलं. रक्त आलेलं चांगलं की वाईट?

शिवाय लाइट रात्रीची असते, तेव्हा दादा पाणी वळवायला बूट काढून जातात. चपला लपवल्या तर काल अनवाणी गेले.

जुनी_सिस्टर

दाणेदार लाल आणि थोडं रक्त, उत्तम. तेच हवं होतं. आता पाण्याच्या पाळीला दुसरा माणूस लावा, पैसे द्यावे लागले तरी. आणि दुसऱ्या पायातली चपल बुटाच्या उंचीची करून घ्या. लंगडायला होतं म्हणूनच ते बूट काढत असतील, विचारून बघा.