हॅवेलांज नुसता चोर नव्हता
फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेचा माजी अध्यक्ष, ब्राझीलचा जोआओ हॅवेलांज म्हणजे फक्त लाचखोर, फिफाला त्यानेच नासवलं, असं काही जण म्हणतात. हे मत मला अर्धंच पटतं. १९६६च्या विश्वचषकाला आफ्रिका, आशिया आणि ओशनिया मिळून जागा होती एक! आफ्रिकेने त्या स्पर्धेवर बहिष्कारच टाकला. हा राग ओळखून हॅवेलांज देशोदेशी फिरला आणि १९७४ साली फ्रँकफर्टला अध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्याने तेव्हाचे अध्यक्ष, इंग्लंडचे स्टॅन्ली राऊस यांना हरवलं. युरोपाबाहेरचा तो पहिला अध्यक्ष. पुढे विश्वचषकात १६चे २४ आणि २४चे ३२ संघ झाले. १९९८ला आफ्रिकेचे पाच संघ खेळले. महिलांचा पहिला विश्वचषकही त्याच्याच काळातला, १९९१चा. हे त्याचं श्रेय कुणी काढून घेऊ नये.

पण पैशाचं काय? विश्वचषकाचे हक्क विकणाऱ्या आयएसएल या मार्केटिंग कंपनीने त्याच्या नावाने पाठवलेली एक रक्कम चुकून थेट फिफाच्याच खात्यात येऊन पडली होती. म्हणजे कार्यालयात कुणालाच ठाऊक नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. स्विस कायद्यात तेव्हा अशी लाच गुन्हा नव्हती म्हणून लाचेबद्दल त्याला शिक्षा झाली नाही. २०१३ साली मानद अध्यक्षपद मात्र सोडावं लागलं. त्याचा तेव्हाचा जावई रिकार्डो टेक्सेरा तर त्या काळात ब्राझीलच्या फुटबॉलचा सर्वेसर्वा होता, आणि त्याच कंपनीकडून त्यानेही कोट्यवधी घेतले.

मला सगळ्यात जास्त चीड याची येते, की ज्या गरीब संघटनांच्या मतांवर तो निवडून आला, त्यांच्याच खेळाचा हा पैसा होता.