व्ह्यूफाइंडर नसलेला मिररलेस खान्देशात घ्यावा का? माझं मत: अजिबात नको

रावेरचा केळीवाला
पाऊण लाखात पहिला मिररलेस (आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) घ्यायचाय. धंदा करायचा नाही, रील्स काढायच्या नाहीत. घरचे कार्यक्रम, शेत, वर्षातून एकदा तोरणमाळ, जमलंच तर दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार, बस. दोन महिने व्हिडिओ बघून डोकं पिकलं. जो तो सोनी झेडव्ही-ई१० नाहीतर निकॉन झेड३० सांगतो. दोन्हींना व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) नाही, म्हणजे मागच्या स्क्रीनकडे बघूनच फोटो काढायचा.

सांगणाऱ्यांनी एकदा एप्रिलमध्ये आमच्या बांधावर यावं. भाच्याचा झेड३० घेऊन दुपारी दीडला गेलो, केळी कापणं चाललं होतं. ब्राइटनेस फुल्ल. स्क्रीनवर माझी टोपी आणि मिशा दिसत होत्या, मजुराच्या खांद्यावरचा घड काही दिसेना. एका हाताने सावली धरावी तर दुसऱ्या हातातला कॅमेरा हलतो. चाळीस फोटो काढले, घरी येऊन बघतो तर सव्वीसांत घडाचं खालचं टोक कापलेलं. आर५०ला कॅननने व्ह्यूफाइंडर दिलाय, तोच घ्यावा. विषय संपला. पटत नसेल त्यांनी बोला.

भुसावळ जंक्शन
विषय कसा संपला? मुळात दीडला फोटो काढतो कोण! डोक्यावर ऊन, डोळ्यांच्या जागी काळे खड्डे, माणसं भुतासारखी दिसतात. सकाळी आठच्या आत काढा नाहीतर पाचनंतर. तेव्हा स्क्रीन झकास दिसते.

रावेरचा केळीवाला
व्यापाऱ्याची गाडी माझ्या उजेडासाठी थांबत नाही भाऊ.

पारोळ्याची सून
दादा, तुम्ही दुपारच्या उन्हात अडकलात. आपल्या घरचं जे काही जपून ठेवावंसं असतं ते रात्री घडतं. आमच्याकडे कानबाई देवी बसते. नागपंचमीनंतरचा रविवार, रात्रभर जागरण, सोमवारी सकाळी विसर्जन. खोलीत एक ट्यूबलाइट, समया आणि उदबत्तीचा धूर. आर५०सोबत येणारी १८-४५ मिलिमीटरची किट लेन्स झूम केली की एफ/६.३वर जाते (एफचा आकडा मोठा तेवढा उजेड कमी). तिथे तुमचा व्ह्यूफाइंडर काय दिवे लावणार? शटर मंदावतं, ताल धरणाऱ्या बायकांचे हात पुसट, आणि आयएसओ (उजेड पकडायची क्षमता) वाढवला की चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखं दिसतं.

आर५०मध्ये हात हलला तर सावरून घेणारं बॉडीतलं स्टॅबिलायझेशनही नाही (झेड३० आणि झेडव्ही-ई१०मध्येही नाही, ते जाऊ दे). पैसे लेन्सवर घाला. एफ/१.८ म्हणजे एफ/६.३पेक्षा बाराएक पट उजेड.

फक्त माझ्यासारखी चूक करू नका. दुकानदाराने "पोर्ट्रेटला एक नंबर" म्हणून ५०ची लेन्स गळ्यात मारली. लहान सेन्सरवर ती कॅननला ८०सारखी वागते, म्हणजे चौकटीत कमी मावतं. दहा बाय बाराच्या खोलीत पाठ भिंतीला टेकली, तरी कानबाई आणि आत्याबाई एका चौकटीत मावेनात. शेवटी ओसरीवर जाऊन दारातून काढला, तर मध्ये कुणाचातरी पदर. घ्यायची तर २४ ते ३५मधली घ्या. निकॉनची २४ एफ/१.७ झेड३०ला छान बसते. व्ह्यूफाइंडर नाही तर नाही.

चाळीसगाव फास्ट
लेन्स, बॉडी, सगळं मनाचं समाधान. आमच्या गावचे छायाचित्रकार केकी मूस बघा. घराचं दार लावून घेतलं, टेबलावर वस्तू मांडून असे फोटो काढले की खरा देखावाच वाटावा. त्यांना कुठे होता ऑटोफोकस?

पारोळ्याची सून
मूसांचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. टेबलावरचा उजेड त्यांनी स्वतः हवा तसा मांडला. जागरणात मी आत्याबाईंना सांगू का, जरा समईकडे सरका?

धुळ्याचा जुना खेळाडू
व्ह्यूफाइंडरच हवा ना? मग सेकंडहँड डीएसएलआर (आरशाचा जुन्या पद्धतीचा कॅमेरा) घ्या, निम्म्या पैशात काम होईल. निकॉनचा डी३५०० कंपनीच्या हिशोबाने एका चार्जात १५५० फोटो देतो, झेड३० साडेतीनशेच्या आत आटोपतो. शेतावर लाइट किती तास असते ते मी सांगायला नको. आणि आरशातून दिसतं ते खरं दृश्य असतं, मिररलेसच्या व्ह्यूफाइंडरसारखा छोटा टीव्ही नाही.

भुसावळ जंक्शन
नाना, तो छोटा टीव्हीच नवशिक्याला शिकवतो. फोटो काळा येणार की पांढराफटक, हे बटण दाबायच्या आधीच दिसतं. डीएसएलआरमध्ये काढा, बघा, परत काढा. त्यात डी३५०० बंद झालेला. आर५० आणि झेड३० यूएसबी-सीवर चार्ज होतात, बांधावर पॉवर बँक चालते. तुमच्या डी३५००ची बॅटरी काढून चार्जरलाच लावावी लागते.

धुळ्याचा जुना खेळाडू
पंधराशे फोटोंनंतर लावायची आहे रे बाबा. तोवर लाइट येते.

सातपुडा पायवाट
तोरणमाळला जाणार म्हणताय म्हणून मध्ये पडतो. रानपिंगळा (छोटं घुबड) ११३ वर्षं बेपत्ता होता आणि १९९७ साली शहाद्याजवळच पुन्हा सापडला. १८-४५ने काढला तर झाडावर शेवगा आहे की पिंगळा, ओळखू येणार नाही. टेलिफोटोचा (लांबचं जवळ दाखवणाऱ्या लेन्सचा) विचार आत्ताच करा. निकॉनचा झेड५० बघा, जुना (२०१९चा) आहे पण व्ह्यूफाइंडर आहे, आणि ५०-२५० लेन्स बसते. लांब लेन्स नाकाजवळ न टेकवता, हात पुढे धरून वापरून बघा एकदा. यात केळीवाले दादांचंच बरोबर.

अमळनेर ०७
पाऊण लाखात ठिबक येतं. फोटो मोबाइलवर काढा.

रावेरचा केळीवाला
ठिबक आहे. बायकोलाही हेच सांगितलं.

रावेरचा केळीवाला
काल अण्णांना घेऊन जळगावला जाऊन आलो. दुकानदार कॅमेरा पायरीच्या बाहेर न्यायला देईना. शेवटी माझा मोबाइल काउंटरवर ठेवला तेव्हा तयार झाला. एका हातात आर५०, दुसऱ्यात झेड३०, रस्त्यावर बारा वाजताचं ऊन. झेड३०च्या स्क्रीनमध्ये पुन्हा माझ्याच मिशा. आर५०ला डोळा लावला तर समोरच्या रसवंतीच्या घुंगरांपर्यंत सगळं दिसलं.

मग अण्णांनी चष्म्यासकट डोळा लावला. म्हणाले, "यात तर धुकं शे." मला घाम फुटला. दुकानातल्या पोराने व्ह्यूफाइंडरच्या बाजूचं बारीक चाक फिरवलं, अण्णांनी चष्मा काढला, आणि मग दहा मिनिटं कॅमेरा सोडेनात. येणारा-जाणारा प्रत्येक ट्रक टिपला.

आर५० घेतला. पण पारोळ्याच्या ताईंचं म्हणणं डोक्यातून जाईना, म्हणून संध्याकाळी घरी एका ट्यूबलाइटमध्ये आईला बसवून पाहिलं. झूम केल्यावर खरंच रवा. २८ एफ/२.८ची चपटी लेन्स बघून ठेवलीय. २८वर किट लेन्स साधारण एफ/५ असते, म्हणजे तिप्पट उजेड. बारापट नाही ताई, पण खोलीत माणसं मावतील. श्रावणाआधी घेतो.

पारोळ्याची सून
मावतील. ओसरीवर जायची वेळ येणार नाही.

भुसावळ जंक्शन
अभिनंदन. पहिला फोटो इथे टाका. दीडचा नको.