डी. वाय. पाटीलला मुलींच्या फुटबॉलची मोठी मॅच कधी झालीये का?

ऐरोलीची_आई
नमस्कार मंडळी, प्रश्न बाळबोध वाटेल, सांभाळून घ्या. गेल्या रविवारी, २ नोव्हेंबर २०२५ ला, बायकांच्या क्रिकेट वर्ल्डकपची फायनल होती ना नेरूळला डी. वाय. पाटील स्टेडियमवर, तिकिटं काही मिळाली नाहीत पण नवरा म्हणाला निदान बाहेरून वातावरण तरी बघून येऊ, म्हणून गेलो, आणि मग पाऊस काय, ट्रॅफिक काय, जिंकल्यावर रात्री बाराला अनोळखी बायका एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या. मी पण रडले थोडी, खोटं कशाला बोलू.

तर माझी लेक ११ वर्षांची आहे, ती क्रिकेट नाही फुटबॉल खेळते, आठवड्यातून ३ दिवस टर्फवर. गाडीत बसल्यावर विचारते, "आई, फुटबॉलवाल्या मुलींची अशी मॅच इथे कधी होणार?" मी म्हटलं होईल गं. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये शेजारचे काका तिला म्हणाले, बाळा आपल्या मुली फुटबॉलमध्ये जगात सोड, आशियात पण कुठे नाहीत. पोर गप्पच झाली. नेटवर शोधलं तर साफ, एशियन कप, अंडर १७ असं काय काय येतं आणि माझा आणखीनच गोंधळ होतो. कोणी नीट सांगेल का काय कशाला म्हणतात? आणि काका बरोबर आहेत का?

नेरूळ_गच्चीवरून
ताई, कधी होणार काय विचारताय, होऊन गेली! एक नाही, दोन फायनल, त्या पण एकाच वर्षी, २०२२ मध्ये. आणि आपल्याला पत्ता नाही ह्यात आपला पण दोष नाही, कारण पहिली झाली तेव्हा कोविडची तिसरी लाट होती.

जानेवारी २०२२, एशियन कप, म्हणजे आशियातल्या नॅशनल टीम्सचा सगळ्यात मोठा कप, १२ टीम्स. मॅचेस इथे डी. वाय. पाटीलला, अंधेरीला आणि पुण्यात बालेवाडीला. आमच्या गच्चीवरून स्टेडियमचे लाईट दिसतात. एरवी आयपीएल असली की विकेट पडल्याचं टीव्हीच्या आधी आम्हाला आवाजावरून कळतं, आणि त्या दिवशी सगळे लाईट लागलेले आणि आवाज शून्य. २० जानेवारीला भारत विरुद्ध इराण. माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आपली टीम खेळतेय आणि मी ती मोबाईलवर बघतोय. ०-० झाली, इराणची तर ही पहिलीच एशियन कप होती, जिंकायला हवी होती.

मग २३ तारखेला चायनीज तैपेईशी (म्हणजे तैवान) मॅच आणि आपल्या कॅम्पमध्ये कोविड घुसला. डझनभर मुली पॉझिटिव्ह, नियमाप्रमाणे १३ खेळाडू लागतात ते पण उभे करता येईनात. मॅच झालीच नाही. नियम असा की टीम उतरली नाही म्हणजे स्पर्धेतूनच माघार घेतली असं धरायचं, त्यामुळे ती इराणची ०-० पण रद्दबातल. यजमान आपण आणि गुणतक्त्यात आपलं नावच नाही!

फायनल मात्र काय झाली. ६ फेब्रुवारी, चीन विरुद्ध दक्षिण कोरिया, हाफटाईमला कोरिया २-० पुढे, आणि चीनने ३-२ ने मारली, तिसरा गोल इंज्युरी टाईममध्ये, म्हणजे ९० मिनिटं संपल्यावर. चीनचं नववं विजेतेपद, नेरूळमध्ये. एवढी भारी मॅच आणि टाळ्या वाजवायला कोणी नाही.

दुसरी फायनल ३० ऑक्टोबरला, अंडर १७ मुलींचा वर्ल्डकप, स्पेनने कोलंबियाला १-० हरवलं, तो पण ओन गोल, म्हणजे कोलंबियाकडूनच स्वतःच्या जाळ्यात गेलेला. तेव्हा लोकांना आत सोडत होते. मी पुतणीला घेऊन गेलो होतो, त्याच दिवशी आधी तिसऱ्या नंबरची नायजेरिया-जर्मनी होती, ३-३ आणि मग पेनल्टीवर नायजेरिया. पुतणी आख्खी संध्याकाळ नायजेरियाच्या गोलकीपरची नक्कल करत होती.

कॉर्नर_किक
वरच्यांनी एशियन कप सांगितला, मी साफ सांगतो. साफ म्हणजे फक्त दक्षिण आशिया, आपण, नेपाळ, बांगलादेश, भूतान, मालदीव, श्रीलंका, पाकिस्तान. क्रिकेटच्या भाषेत एशियन कप म्हणजे रणजी आणि साफ म्हणजे आपला जिल्हा, असं समजा (उदाहरण गंडलंय पण चालवून घ्या).

मुलींची साफ २०१० ला सुरू झाली आणि पहिल्या पाचही भारताने जिंकल्या, २०१९ पर्यंत. त्यातल्या चार फायनलला समोर नेपाळ. मग २०२२ ला काठमांडूत नेपाळनेच सेमीत १-० ने बाहेर काढलं, आणि कप नेला बांगलादेशने. २०२४ ला परत काठमांडू, परत सेमी, परत नेपाळ. आपण १-० पुढे गेलो आणि इकडे आपल्या मुली सेलिब्रेट करतायत तेवढ्यात नेपाळने मधून खेळ पटकन सुरू करून गोल टाकला, रेफरीने दिला नाही, मग तासाभरापेक्षा जास्त वेळ खेळ बंद. सुरू झाल्यावर नेपाळच्या साबित्रा भंडारीने गोल मारला आणि पेनल्टीवर आपण गेलो. फायनल परत बांगलादेश.

आणि नेपाळचं नशीब बघा, ६ फायनल खेळले, सहाच्या सहा हरले.

बेंचवरचा
पाच वेळा जिंकलो ते समोर कोणी नव्हतं म्हणून. बाकीच्यांनी टीम बांधल्या आणि आपली हवा गेली. काका फार चुकीचे नाहीत.

कोपरी_लेफ्ट_बॅक
@बेंचवरचा भाऊ, अर्धं बरोबर बोललात.

मी ठाण्याची, नव्वदच्या दशकात खेळायचे, आता गुडघे बोलतात. आम्हाला मैदान मुलांचं आटोपल्यावर मिळायचं, म्हणजे अंधारात, आणि एका स्पर्धेला तर आयोजकांनी चेंजिंग रूम म्हणून जिन्याखालची जागा दाखवली, तिथे चुन्याच्या गोण्या. असो.

मुद्दा हा की बांगलादेशने काय केलं, तर मुली लहान असताना गावागावातून उचलल्या आणि ढाक्याला फेडरेशनच्या इमारतीतच वर्षानुवर्षं एकत्र ठेवून खेळवल्या. मैमनसिंगकडे कोलसिंदूर म्हणून गाव आहे, तिथल्या एका शाळेतून कितीतरी नॅशनलला गेल्या. २०२२ ला जिंकून आल्या तर उघड्या बसमधून ढाक्यात मिरवणूक. आणि नुसतं साफवर थांबल्या नाहीत, म्यानमारला त्यांच्याच घरी हरवून पहिल्यांदा एशियन कपला पोचल्या.

आपण पण ह्याच जुलैत पोचलो की! थायलंडला त्यांच्याच चियांग मायमध्ये २-१ हरवून, दोन्ही गोल संगीता बासफोरचे, आणि थायलंड वर्ल्डकप खेळलेली टीम आहे. यजमान म्हणून फुकट नाही, क्वालिफायर (पात्रता फेरी) खेळून मिळवलेलं हे पहिलंच तिकीट. आणि काकांना हे पण सांगा की १९८० ला कालिकतला आणि १९८३ ला बँकॉकला भारत ह्याच स्पर्धेत दुसरा आला होता. आशियात दुसरा! तेव्हा मोठ्या टीम्स सगळ्या यायच्या नाहीत हे खरं, पण मेडल ते मेडल.

ताई, लेक कुठल्या पोझिशनला खेळते?

बेंचवरचा
८० चं माहीत नव्हतं. मागे घेतो शब्द. अर्धे.

ऐरोलीची_आई
बापरे किती लिहिलंत सगळ्यांनी, आभार! लेक राईट विंग म्हणते पण खरं सांगायचं तर बॉल जिथे तिथे ती. तुमचे सगळे मेसेज तिला वाचून दाखवले, जिन्याखालच्या चुन्याच्या गोण्यांवर थांबून म्हणाली, मग त्या मावशींनी कपडे कुठे बदलले? मला उत्तर नव्हतं, तुम्हीच सांगा.

मग मार्चमधल्या एशियन कपचा ग्रुप शोधायला लावला. जपान, व्हिएतनाम आणि चायनीज तैपेई. तैपेई वाचल्यावर ओरडलीच, "आई ही तीच मॅच, जी आपल्याकडे झाली नाही!" आता कॅलेंडरवर लाल पेनने तैपेई असं लिहून ठेवलंय, मार्चच्या पानावर, नेमकी तारीख नंतर टाकेन म्हणते. एकच विचारायचंय, ऑस्ट्रेलियात आहे ना, म्हणजे मॅच आपल्या शाळेच्या वेळेत येणार का? दांडी मारायला ती आत्तापासून तयार आहे.

कोपरी_लेफ्ट_बॅक
कुठे बदलणार, घरूनच घालून गेलो, वर सलवार. लोकलमध्ये तशाच. आणि मॅच शाळेत असली तर खुशाल दांडी मारू दे, चिठ्ठी मी लिहून देते.