साइडकार लावलेली बुलेट शिकतो आहे. आईला बसवण्याआधी मार्गदर्शन हवे

नमस्कार. मी 22 वर्षे मुंबईत दुचाकी चालवतो आहे, पण वडिलांच्या जुन्या बुलेटला साइडकार जोडल्यापासून अंगवळणी पडलेली प्रत्येक गोष्ट आड येते आहे. आईचे गुडघे आता तिला मागच्या सीटवर चढू देत नाहीत. टॅक्सीने ती कुठेही येते, परंतु परळहून गिरगाव चौपाटीला तिला याच गाडीवरून जायचे आहे आणि तिची ही इच्छा मला मनापासून पुरी करायची आहे. आरटीओची मंजुरी व नोंद झालेली आहे, त्यामुळे तो प्रश्न नाही.

तीन रविवार पहाटे बॅलार्ड इस्टेटच्या मोकळ्या रस्त्यांवर सराव केला. ही गाडी कलत नाही, हँडल ज्या बाजूला फिरवावे त्याच बाजूला ती वळते, हे डोक्याला कळले आहे, पण खांदे अजून ऐकत नाहीत. थ्रॉटल दिला की साइडकारच्या ओढीने गाडी डावीकडे जाते आणि ब्रेक दाबला की उजवीकडे, कारण साइडकारच्या चाकाला ब्रेक नाही. याची सवय होईल असे वाटते.

खरी भीती डाव्या वळणाची आहे. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालत असल्याने डावे वळण नेहमीच अधिक आखूड असते, आणि त्याच वळणावर रिकामी साइडकार उचलली जाते. दुसऱ्या रविवारी तिचे चाक वीतभर वर आले. चाक उचलले की ती गाडी त्या क्षणापुरती पुन्हा दुचाकी होते, आणि हँडल उजवीकडे सैल सोडले की साइडकार खाली येते, हे मी वाचले होते. मात्र तसे केल्यावर गाडी पसरट वळून समोरच्या बाजूला गेली. तेव्हा रस्ता रिकामा होता. लालबागमध्ये तिथे बस असेल.

त्यानंतर साइडकारमध्ये 40 किलो वाळूची पोती ठेवली आणि फरक लगेच जाणवला. ज्यांनी साइडकार प्रत्यक्ष चालवली आहे, त्यांना माझे विचारणे असे: वाळू चाकाच्या रेषेत ठेवावी की मागे? आई पुढे सरकून बसली, तर उजव्या वळणावर ब्रेक लावताना साइडकारचे नाक दबून मागचे चाक हलके होण्याचा धोका कितपत असतो? जोडणाऱ्या मेकॅनिकने साइडकारचे चाक मागच्या चाकाला अगदी समांतर ठेवले आहे. ते पुढून किंचित आत वळलेले असावे असे समजते, तेव्हा गाडीच्या सततच्या डाव्या ओढीचे कारण हेच असेल का? आणि खड्डा आला की दुचाकीसारखी वाट काढता येत नाही, तीन चाकांच्या तीन वाटा असतात, तिथे आपण कोणते चाक वाचवता?

सर्वांत महत्त्वाचे, आपण माणूस बसवण्याआधी स्वतःची कोणती परीक्षा घेतली होती? मी ठरवलेली कसोटी अशी, की अचानक ब्रेक लावूनही गाडी आपल्या पट्ट्यात सरळ थांबावी, आणि डावे वळण वाळूशिवायही चाक न उचलता घेता यावे. यात काही राहून गेले असेल तर अवश्य सांगावे. शक्य असल्यास एखाद्या रविवारी सकाळी सहा वाजता बॅलार्ड इस्टेटला येऊन, रस्त्याच्या कडेला उभे राहून माझी वळणे पाहिलीत, तर फार उपकार होतील.