ग्वादलूपला आठ दिवस, खायचं काय आणि कुठे? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत आम्ही तिघं पॅरिसहून कॅरिबियनमधल्या ग्वादलूप या फ्रेंच बेटांवर जातोय. मी, नवरा आणि सासूबाई. नवरा माशांवर तुटून पडणारा, सासूबाई शुद्ध शाकाहारी (अंडंही नाही), मी मधली.

नवऱ्याचं सोपं आहे: खाऱ्या कॉड माशाची भजी म्हणजे आक्रा, तळलेल्या पावात भरून देतात तो बोकिट, आणि लिंबू-मिरचीच्या पाण्यात शिजवलेला ब्लाफ. बोकिट रस्त्याकडेच्या गाडीवरच खावा म्हणतात. पॉइंट-आ-पित्र शहरात चांगली गाडी कुठे लागते? देए गावाकडे काही आहे का?

खरा प्रश्न सासूबाईंचा. 1854 पासून तिथे भारतीय मजूर नेले गेले, बहुतेक तमिळ. त्यांच्यामुळेच धणे, हळद, मोहरी, मेथीचा 'कोलोंबो' मसाला तिथल्या घराघरांत आहे. पण कोलोंबो म्हटलं की बकरा नाहीतर कोंबडी! नुसत्या भाज्यांचा मिळतो का? दोंब्रे म्हणजे राजम्यासारख्या लाल दाण्यांत शिजवलेले कणकेचे गोळे, थेट आपल्या वरणफळांचे भाऊबंद. पण त्यात खारवलेलं डुकराचं मांस टाकतात असं वाचलं. बिनमांसाचं मागायला फ्रेंचमध्ये नेमकं काय म्हणावं? 'मांस नको' म्हटलं तर मासे घालून आणतात, हा पॅरिसचा अनुभव आहे.

ले सँत या जवळच्या छोट्या बेटांवर बोटीने जाऊन धक्क्यावर नारळाचं सारण भरलेला तूरमाँ दामूर (छोटा गोड टार्ट) खायचाच आहे. त्यात अंडं असतंच ना? मग सासूबाईंना नारळाचं सॉर्बे (आईस्क्रीमसारखं गोठवलेलं) चालेल बहुतेक.

कोणी जाऊन आलं असेल तर कृपया सांगा. महागडी हॉटेलं नकोत.